मोजणीदार

"तीस टक्के जलद झालं," असं मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की बाकीचे माना डोलावतात, एखादा टाळीही वाजवतो. मोजणीदार विचारतो, "कशावर?"

एवढंच. आवाज चढत नाही, भुवई हलत नाही. 'कशावर' म्हणजे मशीन कुठलं, डिस्क कुठली, ती कोरी होती की भरलेली, क्लायंट किती, मागणी चार केबीची की चार एमबीची, वाचायची की लिहायची, आणि मुख्य म्हणजे चालवलं किती वेळा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा "एकदा" असं येतं. त्यावर तो काही बोलत नाही, वही मिटतो. मीटिंग संपायच्या आत तीस टक्क्यांतली हवा निघून गेलेली असते.

स्टोरेजचं सॉफ्टवेअर करणाऱ्या प्रत्येक टीममध्ये असा एक तरी असतोच. दोन नसतात. दोन असले तर ते एकमेकांच्या मोजणीची मोजणी करत बसतात आणि उत्पादन बाहेरच पडत नाही. आमचा मोजणीदार खराडीला आमच्याच मजल्यावर, लॅबच्या दाराशी बसतो. चाळिशी ओलांडलेली, बारीक चौकटीचा शर्ट, मनगटावर खरंखुरं घड्याळ आणि हातात दोनशे पानी वही. इतक्या मशीनच्या गराड्यात वही कशाला, असं नवी मुलं विचारतात. मशीनवर नोंद लिहिली की ती डिस्कवर जाते आणि आपण डिस्कच मोजत असतो, हे त्याचं उत्तर. नोंद दुसऱ्या मशीनवर लिहिता येते, हे त्याला सांगायला जाऊ नये. नेटवर्कवर काय परिणाम होतो ते तो सांगू लागतो.

तो नेमकं मोजतो काय, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. सेफ नावाची एक वितरित स्टोरेज यंत्रणा आहे. सेज वाइल यांनी कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात पीएचडीसाठी केलेल्या कामातून ती निघाली, 2006 मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध आला, आणि आज सर्नच्या प्रयोगशाळेपासून कितीतरी ठिकाणी ती चालते. आमचं उत्पादन सेफ नाही, पण वळण त्याच घराण्याचं. शेकडो डिस्क, आणि प्रत्येक डिस्कच्या उशाशी एक प्रोग्रॅम बसलेला. 'हे वाच', 'हे लिही' अशा मागण्या त्याच्याकडे येतात, रांगेत लागतात, आणि आतले थ्रेड एकेक मागणी उचलून कामाला लागतात.

सेफमध्ये पूर्वी ही रांग एकच होती आणि तिला लॉकही एकच. रांगेतून काही काढायचं तर आधी लॉक मिळवायचं. फिरत्या डिस्कच्या जमान्यात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, कारण डिस्कच इतकी सावकाश की थ्रेड लॉकवरून भांडून दमले तरी तिचं आधीचं काम संपलेलं नसायचं. मग एसएसडी आल्या आणि उलटंच झालं: डिस्क मोकळी आणि थ्रेड लॉकपाशी ताटकळलेले. 2014 च्या जायंट आवृत्तीत त्या रांगेचे तुकडे केले. एकेक तुकडा म्हणजे शार्ड. त्याची रांग वेगळी, लॉक वेगळं. एका गटातल्या डेटाच्या सगळ्या मागण्या एकाच शार्डात जातात, म्हणजे आधीचं नंतर आणि नंतरचं आधी असा घोळ होत नाही.

आता राहिले दोनच प्रश्न. शार्ड किती ठेवायचे, आणि प्रत्येक शार्डाला थ्रेड किती द्यायचे? सेफमध्ये एसएसडीसाठी आठ शार्ड, प्रत्येकी दोन थ्रेड, असे एकूण सोळा. फिरत्या डिस्कसाठी बरीच वर्षं पाच शार्ड आणि प्रत्येकी एक थ्रेड होता. पुढे एमक्लॉक नावाची पाळी लावणारी पद्धत आली. पाच रांगा वेगवेगळ्या असल्या की तिला पाळ्या नीट लावता येईनात, म्हणून ते उलटवून एक शार्ड आणि पाच थ्रेड केलं. तेव्हाही पाच, आताही पाच. बाहेरच्याला वाटेल, यात काय केलं? पाचाची जागा बदलायला कुठल्या तरी शहरात कुठला तरी मोजणीदार रात्र रात्र जागलेला असतो.

मोजणीदाराची एक फेरी, म्हणजे त्याच्या भाषेत 'रन', लागायच्या आधी जे चालतं ते पाहण्यासारखं असतं. रन लागला की मशीन सोवळ्यात. त्याला कुणी शिवायचं नाही. लॉगिन करून नुसतं 'काय चाललंय' बघितलं तरी विटाळ, कारण बघणाराही सीपीयू खातो. आधी प्रोसेसरचा टर्बो बंद करायचा, कारण तो गार असताना धावतो आणि तापला की मंदावतो, मग सकाळचा आकडा दुपारशी जुळत नाही. वीज वाचवायला डुलक्या काढण्याची प्रोसेसरची सवयही बंद. मेमरीतला कॅश रिकामा. साठवलेला डेटा खराब झालाय का हे तपासत फिरणारं आतलं काम थांबवायचं, नाहीतर ते नेमकं तिसऱ्या रनच्या मध्यावर जागं होतं आणि आलेखाला खड्डा पडतो.

आणि डिस्क भरायची. कोरी एसएसडी खोटं बोलते, हा त्याचा ठाम सिद्धांत आहे आणि तो खरा आहे. नव्या डिस्कमध्ये पुसण्यासारखं काही नसतं, त्यामुळे ती पहिल्या दिवशी सुसाट लिहिते. भरली की जुनं पुसून, हलवून, जागा करून मग नवं लिहावं लागतं आणि तिचा खरा वेग कळतो. म्हणून मोजणीदार मोजण्याआधी प्रत्येक डिस्क काठोकाठ भरतो. एकदा भरून झाली की पुन्हा एकदा वरून भरतो. आमच्या मॅनेजर मॅडम दुपारी विचारतात, "रन कुठवर आला?"

"डिस्क भरतोय."

"कालपण भरतच होतास ना?"

"काल पहिल्यांदा भरली."

मॅडमना हे पाठ झालंय, पण त्यांच्या वरच्या साहेबांना नाही. ते दर शुक्रवारी विचारतात आणि दर शुक्रवारी मॅडम तेच उत्तर जरा वेगळ्या शब्दांत देतात.

मोजणी किती नाजूक असते याचे दाखले त्याच्या जिभेवर असतात. 2009 मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिलं की प्रोग्रॅमला हात न लावता, फक्त तो चालवणाऱ्याच्या एन्व्हायर्नमेंटमधली अक्षरं कमीजास्त झाली तरी मेमरीतली मांडणी सरकते आणि वेग बदलतो. यूझरनेमसुद्धा त्या अक्षरांत येतं. हे वाचल्या दिवसापासून लॅबच्या सगळ्या मशीनवर सगळ्यांचं लॉगिन एकच. आमच्यातल्या एका लांबलचक आडनावाच्या मुलीला हा आपल्या घराण्याचा अपमान वाटला होता.

दुसरा दाखला ब्रेंडन ग्रेग यांचा. सन कंपनीत असताना 2008 च्या अखेरीस ते डिस्कच्या रॅकसमोर उभे राहून जोरात ओरडले, आणि आलेखावर लेटन्सी, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, त्याच क्षणी वर गेली. आवाजाने डिस्क थरथरली आणि मागण्या रखडल्या. याचा व्हिडिओ आहे, आणि मोजणीदार तो प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दाखवतो. त्या व्हिडिओवरूनच लॅबच्या दारावर पाटी लागली: 'आत रन चालू आहे. मोठ्याने बोलू नये. डिस्कला ऐकू येते.' आमच्या लॅबमध्ये एसएसडीच आहेत, त्यांच्यात हलणारं काही नसतं, त्यांना ओरडण्याने ढिम्म फरक पडत नाही. हे त्याला ठाऊक नाही असं कुणी समजू नये. पाटीमुळे दाराशी उभं राहून क्रिकेटवर बोलणारे पांगले.

त्याचा वैरी म्हणजे एकफेरी. हीही एक जातच आहे. एकफेरी रन एकदा लावतो, नंबर चांगला आला की स्क्रीनचा फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो, सोबत रॉकेटचं चित्र. वाईट आला तर "नेटवर्क स्लो होतं" म्हणून पुन्हा लावतो, चांगला येईपर्यंत. म्हणजे तोही अनेकदाच चालवतो, फक्त थांबायचं कधी हे नंबर बघून ठरवतो. बढती एकफेऱ्याला आधी मिळते. का, ते मी लिहीत नाही, नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

एकदा टीममध्ये नव्याने आलेला मुलगा धावतच मोजणीदाराकडे आला.

"सर, क्यूमध्ये बग आहे. दोन थ्रेड द्या नाहीतर सोळा द्या, सेकंदाला मागण्या तेवढ्याच उरकतात."

मोजणीदाराने वहीतून डोकं काढलं नाही. "क्लायंटच्या मशीनवर सीपीयू किती होता?"

"क्लायंटच्या?"

"हो. मागण्या पाठवणाऱ्या."

मुलगा जाऊन बघून आला. "एक कोअर शंभर टक्के आहे. बाकीचे रिकामे."

"मग तू आपली क्यू मोजलीच नाहीस. मागण्या पाठवणारा प्रोग्रॅम मोजलास. तो दमला, आपली क्यू बसून होती."

मुलाचा चेहरा पडला. एकफेऱ्याने इथे मुलाला घालवून दिलं असतं. मोजणीदाराने खुर्ची ओढून दिली आणि क्लायंटची चार मशीन मागवली. दुसऱ्या दिवशीचा आलेख वेगळाच निघाला: आठ थ्रेडपर्यंत सरळ चढ, मग सपाट, आणि सोळाला चक्क उतार. जास्त माणसं लावली आणि काम कमी झालं. मुलाला हे अशक्य वाटत होतं, मोजणीदाराच्या चेहऱ्यावर मात्र पहिल्यांदाच रंग दिसला.

पुढचे दिवस दोघं एकाच स्क्रीनला नाक लावून होते. लॉकवर कुणी अडत नव्हतं. डिस्क मोकळी होती. सीपीयू भरलेला, पण काम होत नव्हतं. शेवटी सापडलं ते एका अगदी क्षुल्लक जागी. प्रत्येक शार्डाने किती मागण्या उरकल्या हे मोजायला एकेक काउंटर होता, आणि ते सगळे काउंटर एका ॲरेमध्ये शेजारी-शेजारी बसवलेले. प्रोसेसर मेमरी 64 बाइटच्या ओळीने उचलतो. आठ बाइटचे आठ काउंटर म्हणजे बरोबर एक ओळ. एका थ्रेडने आपला काउंटर एकने वाढवला की बाकीच्या कोअरपाशी असलेली तीच ओळ शिळी झाली, ती पुन्हा आणायची. दुसऱ्याने वाढवला, पुन्हा शिळी. कुणी कुणाच्या काउंटरला हात लावत नव्हतं, तरी सगळे एकमेकांचा खोळंबा करत होते. आणि काउंटर कशासाठी ठेवलेले? मोजण्यासाठी! ते कोणी घातले होते, हे मुलाने कोडच्या इतिहासात बघितलं आणि स्क्रीन हळूच खाली सरकवली. मोजणीदाराने ती पुन्हा वर सरकवली, स्वतःचं नाव वाचलं, आणि वहीत तारखेसकट लिहून ठेवलं.

दुरुस्ती कोडच्या एका ओळीची होती. प्रत्येक काउंटरच्या मागे रिकामी जागा सोडायची, म्हणजे मेमरीत ज्याची त्याची ओळ वेगळी. कोडची ती ओळ लिहायला मुलाला पाच मिनिटं लागली. ती ओळ उपयोगी पडली हे मोजणीदाराला पटायला दिवाळी आली.

सरासरी हा शब्द त्याच्यासमोर काढू नये. "सरासरी लेटन्सी दोन मिलिसेकंद" असं कुणी म्हटलं की तो विचारतो, "आणि सगळ्यात शेवटच्याला किती लागले?" यात त्याचा खडूसपणा नाही, हिशेब आहे. जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी 2013 च्या लेखात तो मांडलाय: प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदाच एका सेकंदाहून जास्त वेळ लावतो असं धरा. पण वापरणाऱ्याच्या एका क्लिकमागे असे शंभर सर्व्हर लागत असतील आणि सगळ्यांचं उत्तर येईपर्यंत थांबायचं असेल, तर 63 टक्के क्लिकना एका सेकंदाहून जास्त वेळ लागतो. एक टक्क्याचे त्रेसष्ट. हे तो मॅडमना फळ्यावर करून दाखवतो. त्यांना ते कधीच पटलंय, पण फळा पुसू देत नाहीत, कारण शुक्रवारी साहेब येतात तेव्हा फळा भरलेला बरा दिसतो.

याहून जास्त चीड त्याला येते ती मोजणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका खोडीची. गिल टेने यांनी ती चव्हाट्यावर आणली. प्रोग्रॅम एक मागणी पाठवतो, उत्तर येईपर्यंत थांबतो, मग दुसरी पाठवतो. यंत्रणा मध्येच दहा सेकंद गोठली तर प्रोग्रॅमही दहा सेकंद थांबतो, आणि नोंद होते फक्त एका वाईट मागणीची. एरवी त्या दहा सेकंदांत ज्या हजारो मागण्या आल्या असत्या आणि अडकल्या असत्या, त्या पाठवल्याच गेल्या नाहीत, म्हणून त्यांचा उशीर कुठेच लिहिला जात नाही. आलेख गुळगुळीत येतो. मोजणीदाराला गुळगुळीत आलेख दाखवला की तो आधी वासच घेतो.

हे सगळं ऑफिसात ठीक. पण हा माणूस शनिवार-रविवारीही मोजणीदारच असतो. त्याच्या गाडीतून महाबळेश्वरला जाऊ नये, पसरणीच्या घाटात तो मायलेजवर बोलतो. मध्यंतरी सिंहगड रोडच्या एका कार्यालयात लग्नाला आम्ही दोघंही होतो. बुफेची रांग दारापर्यंत आलेली. सगळे रांगेत, हा रांगेच्या बाजूला, घड्याळ बघत.

"अहो, आहेर द्यायचा राहिलाय अजून," वहिनी म्हणाल्या.

"थांब जरा. साठ माणसं आहेत. मिनिटाला बारा पुढे सरकतायत. म्हणजे शेवटच्याला पाच मिनिटं." जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला हा नियम: रांगेतली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. रांग कसलीही असो, सरासरीत तो चुकत नाही. सरासरी चालते ती त्याला एवढीच.

तेवढ्यात केटररच्या माणसाला दया आली आणि त्याने टेबलाच्या दुसऱ्या बाजूनेही रांग सुरू केली. लोक तिकडे धावले. मोजणीदार घड्याळ बघत राहिला. मिनिटाला बारा. पुन्हा मोजलं. बाराच. तो रांगेच्या कडेकडेने चालत टेबलाच्या टोकाशी गेला आणि तिथून त्याने मला हात केला. टोकाशी पुरणपोळ्या होत्या, दोन्ही बाजूंना दोन परातींत. पण तूप वाढणारा एकच. तो एकदा या बाजूला वाकत होता, एकदा त्या.

"लॉक सापडलं," मोजणीदार म्हणाला.

"काका, ताट घ्या आणि पुढे चला," तूपवाला म्हणाला.

त्याने ताट घेतलं नाही. केटररच्या मालकाला गाठून दुसरी तुपाची वाटी मागवली, ती आल्यावर पुन्हा घड्याळ लावलं आणि मला येऊन सांगितलं, "एकोणीस." मग लगेच, "पण गर्दीही कमी झालीय. पुन्हा बघावं लागेल." वहिनी तोवर आहेर देऊन, जेवून, विडा खाऊन आल्या होत्या.

तर काउंटरच्या त्या एका ओळीचा अहवाल शेवटी बाहेर पडला. त्यात मशीनचं वर्णन होतं, डिस्कच्या फर्मवेअरचा क्रमांक होता, प्रत्येक रन सुटा दिला होता, आणि शेवटी एक वाक्य: 'या यंत्रणेवर, भरलेल्या एसएसडींवर, चार केबीच्या लिहिण्याच्या मागण्यांसाठी, सोळा थ्रेड असताना सुधारणा दिसते.' सुधारणा किती, ते पुढे अधिक-उणे लावून. मार्केटिंगने त्यातलं अधिक-उणे काढलं, मग चार केबी काढलं, मग भरलेल्या एसएसडी काढल्या, आणि 'सुधारणा दिसते' एवढं मोठ्या अक्षरांत ठेवलं.

ते घेऊन मुंबईहून विक्रीचा माणूस आला. एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे दुसऱ्या दिवशी जायचं होतं. "सर, फक्त एवढं सांगा. आता फास्ट झालं, असं मी त्यांना म्हणू ना?"

"त्यांच्याकडे डिस्क कुठल्या?"

"डिस्क? स्टोरेजच्या."

"फोन लावा आणि विचारा."

त्याने आमच्यासमोरच फोन लावला. स्पीकरवर पलीकडच्या गृहस्थांनी अभिमानाने सांगितलं की त्यांच्याकडे सगळ्या फिरत्या डिस्क आहेत, मिनिटाला 7200 फेऱ्यांच्या, आणि अजून दोन वर्षं तरी बदलायचा विचार नाही. म्हणजे एक फेरी आठ मिलिसेकंदांहून जास्त. तेवढ्या वेळात आमचे काउंटर शेजारी बसले काय आणि दूर बसले काय, डिस्कला पत्ताही लागणार नव्हता. नव्या मुलाने माझ्याकडे बघितलं. मॅडमनी फळ्याकडे. विक्रीच्या माणसाने स्पीकरवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "म्हणजे फरक शून्य?"

"असं मोजल्याशिवाय म्हणता येणार नाही," मोजणीदार म्हणाला आणि वहीचं नवं पान उघडलं. "त्यांना विचारा, दोन रात्री क्लस्टर मोकळा मिळेल का."